बागेच्या गेटला कुलूप लागलंय का? तुमच्या भागातलं सांगा

रंकाळावेस_वाला
मंडळी, धागा काढायचं कारण सांगतो. आमच्या कॉलनीतली बाग आधी दिवसभर उघडी असायची, मग दुपारची बंद झाली, मग रविवारीच उघडायला लागली आणि आता दिवाळीपासून गेटला साखळी आहे. विचारलं तर निधी नाही, माणूस नाही. बंद केली असं पण कुणी म्हणत नाही बरं का, नोटीस नाही, बोर्ड नाही, फक्त चावी कुणाकडं आहे ते कुणालाच माहीत नाही. आपल्या कोल्हापुरातल्या रंकाळा, टाउन हॉल, महावीर गार्डन असल्या मोठ्या जागांचं जरा बाजूला ठेवूया, तिथं राबता असतो, काय बिघडलं की पेपरात येतं. गल्लीतल्या पाच-दहा गुंठ्यांच्या बागांचं ऐकायचंय. स्वतःचा अनुभव लिहा, पार्टीचं राजकारण कृपया नको.

निवृत्त_मास्तर
आमच्याकडे माळीमामा होते. सकाळी साडेसहाला गेट उघडायचे, आम्ही म्हातारे फेऱ्या मारायचो तोवर त्यांचं पाणी घालून व्हायचं. ते रिटायर झाले आणि जागा भरलीच नाही. आता जो येतो त्याच्याकडं अजून चार बागा आहेत, तो तरी काय करणार बिचारा. पाइपला तीन ठिकाणी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून गाठ मारलीय, त्यातून झाडाला कमी आणि रस्त्याला जास्त पाणी जातं. नवीन पाइप मागितला तर टेंडर निघाल्यावर म्हणे. शेवटी आम्ही चौघांनी पैसे काढून लक्ष्मीपुरीतून पाइप आणला, तर तो नवा माळी म्हणतो घरी घेऊन जावा काका, इथं ठेवला तर उद्या दिसणार नाही, वॉचमन कुठाय. झालं. पाइप माझ्या बाल्कनीत आहे आणि तो आला की मला हाक मारतो.

दोन_पोरांची_आई
आमची बाग उघडी आहे पण असून नसल्यासारखी. घसरगुंडीचा पत्रा खालच्या बाजूला फाटला, तक्रार केली, तर दुरुस्ती करायच्या ऐवजी दोरी बांधून गेले. पोरं दोरीखालून जातात हे सांगायला नकोच. झोपाळ्याच्या नुसत्या साखळ्या लोंबतायत, पाट्या गायब. मग पोरं पार्किंगमध्ये खेळतात, तिथं गाडीला बॉल लागला की वरून काका ओरडतात. मॉलमधल्या गेमझोनला नेलं तर अर्ध्या तासात पाचशेची नोट संपते, ते रोज कुणाला परवडतंय? आमच्या कामवाल्या मावशींची नात माझ्या धाकटीबरोबर याच बागेत खेळायची, ती मॉलमध्ये नाही ना येऊ शकत. आता दोघी जिन्यात बसून खेळतात.

खतावणी
हिशेबाच्या लाइनमध्ये आहे म्हणून थोडं लांबण लावतो. बाग बांधायला पैसे मिळतात, चालवायला मिळत नाहीत, सगळी गोम इथं आहे. बांधकाम भांडवली खर्चात जातं, त्याला राज्य-केंद्राच्या योजना असतात, 2015 च्या अमृत योजनेत तर हिरव्या जागांसाठी वेगळा हिस्साच ठेवला होता, शिवाय आमदार निधी, नगरसेवक निधी. फीत कापायला सगळे हजर. पण माळ्याचा पगार, मोटारीचं लाइट बिल, गवत काढायच्या मशीनचं पेट्रोल हे सगळं महसुली खर्चात, म्हणजे गावाच्या स्वतःच्या कमाईतून. आणि कमाईचं काय झालं बघा, 2011 ला जकात जाऊन एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, 2015 ला तो बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, 2017 ला जीएसटी. आता हक्काचं काय तर घरफाळा, पाणीपट्टी आणि वरून येईल ते अनुदान. 1972 ला महापालिका झाली, हद्दवाढीचं, म्हणजे शेजारची गावं शहरात घेऊन कर देणारी घरं वाढवायचं, गुऱ्हाळ तेव्हापासून ऐकतोय. पगार आणि पेन्शन तर थांबवता येत नाही, मग कात्री लागते ती ज्याच्यावर कोण मोर्चा काढत नाही त्याला. बागेसाठी मोर्चा निघालेला आठवतोय का कुणाला?

सॅनहोजेतला_कोल्हापूरकर
भावांनो, अमेरिकेत पण हेच झालंय, फक्त तिथं यादी लावून झालं. मी इकडं नवीन होतो, 2011 च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियानं 278 पैकी 70 स्टेट पार्क बंद करणार म्हणून जाहीर केलं, बजेटमध्ये तूट. आमच्या जवळचं हेन्री को नावाचं प्रचंड मोठं पार्क पण त्या यादीत. लोक हादरले, वर्गणी गोळा झाली, को पार्क तर देणगीदारांनीच तारलं. संस्थांना पार्क चालवायला देता यावं म्हणून त्याच वर्षी कायदा पण केला. बहुतेक पार्क वाचली. आणि मग खरी गंमत, 2012 च्या जुलैमध्ये उघडकीला आलं की पार्क खात्याच्याच दोन फंडांत मिळून सुमारे 5 कोटी 40 लाख डॉलर न सांगता पडून होते! खात्याच्या प्रमुख बाईंना राजीनामा द्यावा लागला. ज्यांनी खिशातनं पैसे दिले त्यांची काय चिडचिड झाली असेल विचार करा, माझ्या ऑफिसमधला एक जण अजून शिव्या घालतो. म्हणून माझं म्हणणं, वर्गणी काढा, पण आधी वह्या बघायला मागा.

तालमीचा_गडी
आमच्या इथं मंडळानंच बाग घेतली चालवायला. रीतसर कागद नाही, नुसतं तोंडी. खरं सांगतो पहिलं वर्ष लय भारी गेलं, पोरांनी गणपतीच्या वर्गणीतनं लाइट बसवली, रविवारी श्रमदान, कट्ट्याला रंग. मग हळूहळू सुरू झालं. आधी मंडळाचा बोर्ड, मग अध्यक्षांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, मग आतच केक कापणं, स्पीकर, मग कुणाच्या तरी बारशाचा मांडव. आता पलीकडच्या गल्लीतली पोरं यायला बघत नाहीत, त्यांना वाटतं बाग मंडळाची आहे. मी पण मंडळातलाच, माझ्याकडं पण एक चावी आहे, पण एखाद्या म्हातारीनं उघड म्हटलं की उघडतो आणि कुणी नाही म्हटलं तर बंदच राहतं असं चाललंय, ते काय बरोबर न्हाई.

नाइट_शिफ्ट
मास्तर, तुम्हाला बाग आठवते ती सकाळची. मी रात्री साडेनऊला बसमधून उतरते आणि बंद बागेच्या भिंतीकडेनं चालत घरी येते. उघडी होती तेव्हा आत दिवे असायचे, बायका गप्पा मारत बसलेल्या असायच्या, नवरात्रात तर उठायच्याच नाहीत. आता दिवे बंद, भिंतीवरून उड्या मारून आत जाणारे वेगळे, सकाळी क्वार्टरच्या बाटल्या आणि चकण्याची पाकिटं. कुलपानं कुणाला अडवलं? आम्हालाच. मी आता लांबच्या रस्त्यानं येते, आई फोनवर असते घरी पोचेपर्यंत. तालमीचा गडी, तुमचा स्पीकर वाजू दे हो, निदान लाइट तरी चालू आहे.

निवृत्त_मास्तर
ताई, हे डोक्यात आलंच नव्हतं. आमच्यातले काही जण तर रात्री लवकर कुलूप लावा म्हणून अर्ज करणार होते. उद्या बोलतो त्यांच्याशी.

खतावणी
रंकाळावेसवाले, सॅनहोजेवाल्यांचं ऐका आणि माहितीचा अधिकार टाका. अर्जाला दहा रुपये, उत्तराला तीस दिवस. विचारायचं एवढंच: या बागेवर मागच्या तीन वर्षांत तरतूद किती, खर्च किती, नेमणूक कुणाची आणि चावी कुणाच्या ताब्यात. वृक्ष कराचं पण विचारा, 1975 च्या झाडांच्या कायद्यात त्याची तरतूद आहे, जमला असेल तर गेला कुठं. "बाग का बंद आहे" असं विचारू नका, "का"ला उत्तर देत नाहीत, कागद मागा.

रंकाळावेस_वाला
टाकतो सोमवारी. नमुना असेल कुणाकडं तर चिकटवा इथं. आणि मास्तर, तुम्ही पाइप किती फुटी घेतला? आमचं गेट उघडलं तर लागेलच.