मदत हवी आहे: हॅरी कॅरे यांच्या रेडिओ समालोचनाची जुनी ध्वनिमुद्रणे

१९४५ ते १९६९ या काळात सेंट लुईस कार्डिनल्स या अमेरिकन बेसबॉल संघाच्या सामन्यांचे रेडिओ समालोचन करणारे हॅरी कॅरे यांच्या मूळ प्रक्षेपणांची ध्वनिमुद्रणे कोठे मिळतील, हे कोणी सांगू शकेल का? पुढे शिकागो कब्ज या संघाच्या सामन्यांत सातव्या इनिंगच्या (डावाच्या) मध्यंतरात प्रेक्षकांसह गाणारे, जाड चष्म्याचे कॅरे दूरचित्रवाणीमुळे सर्वांना ठाऊक आहेत. मला मात्र त्यांचा सेंट लुईसच्या केएमओएक्स या रेडिओ केंद्रावरचा आवाज हवा आहे. माझे वडील साठच्या दशकात अमेरिकेतील मिझुरी राज्यात शिकायला आले आणि क्रिकेटवर वाढलेल्या त्यांना बेसबॉलची गोडी लागली ती याच माणसामुळे. चेंडू उंच उडाला की 'कदाचित... बहुधा... गेलाच! होमरन!' अशा अर्थाची कॅरे यांची चढत जाणारी आरोळी वडील आजही हुबेहूब करून दाखवतात. आपल्याच संघाचा खेळाडू चुकला, तर कॅरे त्याला भर प्रक्षेपणात फैलावर घेत, आणि मला त्यांचा हाच गुण सर्वांत मोठा वाटतो.

वडिलांनी तेव्हा रेडिओवरून घेतलेली एक स्पूल टेप घरी आहे, परंतु ती इतकी ठिसूळ झाली आहे की गुंडाळतानाच तुटते. अशी टेप जोडून सुरक्षितपणे डिजिटल करून देणारे कोणी सेंट लुईस किंवा शिकागो परिसरात माहीत असल्यास कृपया कळवावे.