पन्नाशीनिमित्त एका दिवसात ५० चढाया: मे महिन्यात नागपुरात जमेल का?

वैनगंगा७

येत्या मेच्या दुसऱ्या आठवड्यात मला ५० पूर्ण होतील. त्या दिवशी कृत्रिम भिंतीवर एका दिवसात ५० चढाया करायच्या मनात आहेत. भिंत १२ मीटर उंच, उघड्यावर, तोंड पश्चिमेला. सगळं टॉप रोपवर (दोर आधीच वरून लावलेला), लीड (दोर स्वतः वर नेत चढणं) नाही. सध्या आठवड्यातून दोनदा सराव, एका वेळी १०–१२ चढाया. ६ए या काठिण्यश्रेणीपर्यंतचे रूट दोराला न लटकता निघतात. रक्तदाब ठीक, कुठली गोळी चालू नाही. उजव्या अनामिकेच्या मुळाशी गेल्या वर्षी दुखत होतं, आता दुखत नाही.

विचारायचं ते असं:
१) ५० चढायांचे ६०० मीटर होतात. त्याऐवजी कळसूबाईची उंची, म्हणजे १,६४६ मीटर धरावी का?
२) मेमध्ये पहाटे सुरू केलं तर उरकेल का?
३) बिलेला (खालून दोर सांभाळायला) किती माणसं लागतील?
४) आता ऑगस्ट संपतोय. सराव कसा वाढवू?

---

कातळवेडा_नागपूर

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण बाकी सगळं त्यावर ठरेल. मेमध्ये नको.

मेच्या मध्यात आपल्याकडे दुपारी पारा ४३–४५ ला असतो आणि रात्रीही २८–३० च्या खाली सहसा उतरत नाही. भिंत पश्चिमेची असल्याने दुपारी बारापर्यंत सावली मिळेल हे खरं, पण सकाळी नऊलाच हवा भट्टीसारखी होते. बोटांना घाम सुटला की चॉक (हाताला लावायची पावडर) लावूनही होल्ड (भिंतीवरची पकड) निसटतो, मग माणूस गरजेपेक्षा जास्त जोराने पकडतो आणि दहाव्या चढाईतच हात भरून येतात. बुटाचं रबर उष्णतेने मऊ पडतं आणि बारीक पायऱ्यांवरून सरकतं. बिले करणारा तर तासन् तास उभा, त्याला ऊन लागलं तर धोका तुम्हाला आहे.

संक्रांतीनंतरचा एखादा रविवार धरा. मेमध्ये ५० *पूर्ण* होणार म्हणजे जानेवारीत तुम्हाला पन्नासावं चालूच असेल, तेव्हा संकल्पाला कुठेच बाध येत नाही. मग प्रत्यक्ष वाढदिवसाला पहाटे साडेपाच ते सात या वेळात फक्त ५ चढाया करा, मेमध्ये तेवढ्या निभतात.

जानेवारीत अडचण वेगळी. सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. पहाटे १०–१२ अंशांत बोटं बधिर असतात, होल्ड किती दाबला हे कळत नाही. म्हणून पहिल्या ५ चढाया सर्वांत सोप्या रूटवर, गरम पाण्याची पिशवी हाताशी ठेवून करा. हवा कोरडी असल्याने बोटांची टोकं फाटतात. आदल्या आठवडाभर रोज रात्री पेट्रोलियम जेली चोळा, मात्र आदल्या रात्री आणि त्या सकाळी काही लावू नका. बोटांवरचे घट्टे बारीक कानशीने सपाट करून घ्या. उंच राहिलेला घट्टा होल्डच्या कडेला अडकून मुळासकट निघतो, आणि तसं झालं की दिवस तिथेच संपतो.

---

दोरगाठ

कळसूबाई सोडून द्या. १,६४६ भागिले १२ म्हणजे १३८ चढाया. आज १२ होतात, तिथून पाच महिन्यांत ५० हीच मोठी उडी आहे.

वेळेचा हिशोब: चढायला ४ मिनिटं, उतरायला १, दोर बदलून तपासायला २, विश्रांती ५. एका चढाईला १२ मिनिटं, ५० ला १० तास. त्यात दोन मोठ्या सुट्ट्या मिळून दीड तास धरा. पहाटे सहाला दिव्यात सुरू केलं तर साडेपाचला संपतं. तरी एक एलईडी फ्लडलाइट संध्याकाळसाठीही तयार ठेवा, कारण शेवटच्या दहा चढायांना वेळ नेहमी जास्त लागतो.

आता दोर. ५० वेळा एकाच अँकरवरून (वरच्या आधारावरून) उतरलात तर तब्बल ६०० मीटर दोर तुमच्या वजनासकट एकाच कॅराबिनरवरून (धातूच्या कडीवरून) घासत जाईल. जमिनीवरची धूळ दोरात बसली की तो दोर कानशीसारखा चालतो, ॲल्युमिनियमच्या कॅराबिनरला खाच पाडतो आणि त्या खाचेची धार पुढे दोरच कापते. म्हणून वर स्टीलचे दोन लॉकिंग कॅराबिनर लावा, गेट (उघडणारी बाजू) एकमेकांच्या उलट दिशेला. दोराखाली ताडपत्री अंथरा. दोर १० मिलिमीटरच्या आसपासचा डायनॅमिक (थोडा ताणणारा) घ्या, पण बिले यंत्रावर छापलेल्या जाडीच्या मर्यादेत बसतो का ते बघून. १२ मीटर भिंतीला जाऊन-येऊन २४ मीटर जातो, तेव्हा ३५–४० मीटरचा असावा आणि मोकळ्या टोकाला गाठ हवीच.

तीन रेषांवर तीन दोर लावा: एक मागे झुकती, एक सरळ, एक किंचित पुढे आलेली पण मोठ्या होल्डची. क्रम झुकती–सरळ–झुकती–पुढे आलेली असा फिरवा. झुकत्या भिंतीवर हातांना आराम मिळतो, पोटऱ्या दमतात, पुढच्या रूटवर उलट. २५ चढायांनंतर सगळ्या दोरांची टोकं बदला, म्हणजे झीज वाटली जाईल आणि पीळही निघेल.

बिलेला किमान चार जण. दोघं कामावर नि दोघं मोकळे, असं ठेवा. एक जण बिले करतो, दुसरा केवळ तपासनीस. दर ५ चढायांनी अदलाबदल. मान वर करून पाहून पाहून डोकं जड होतं आणि दोर रोखून धरणारा ब्रेकचा हात नकळत सैल पडतो. आपोआप अडकणारं यंत्र असलं तरी ब्रेकचा हात दोरावरून सुटता कामा नये. बिलेयर तुमच्यापेक्षा बराच हलका असेल तर त्याला जमिनीवरच्या अँकरला बांधा.

सगळ्यात जास्त भीती तिसाव्या चढाईनंतरच्या गाठीची. दमलेला माणूस फिगर ऑफ एटचा पहिला आठ बांधतो, बोलण्यात गुंततो आणि दोर परत फिरवायचा राहतो. नियम असा करा की गाठ बांधताना कुणी बोलायचं नाही, बांधून झाल्यावर तपासनीसाने हात लावून गाठ, शेपटी आणि हार्नेसचं (कमरपट्ट्याचं) बक्कल मोठ्याने म्हणायचं. पन्नासही वेळा.

---

मनगट_फिजिओ

सरावाचं सांगते. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पण स्नायुबंध आणि बोटांतल्या दोरीसारख्या स्नायुबंधांना धरून ठेवणाऱ्या कड्या, ज्यांना पुली म्हणतात, त्यांना महिने लागतात. ताकद वाढल्यासारखी वाटते आणि नेमकी तेव्हाच पुली फाटते. तुमचं जुनं दुखणं बहुधा त्याच जागेचं. त्यामुळे पूर्ण पाच महिने बोटं मोडून, अंगठा वर दाबून पकड घ्यायची नाही. उघड्या हाताने धरायचं.

सप्टेंबर: आठवड्यात तीन दिवस. त्यातला एक दिवस २० मिनिटं सलग अगदी सोप्या होल्डवर आडवं फिरायचं, १० मिनिटं बसायचं, परत २० मिनिटं. श्वास फुलू नये, हात भरू नयेत. पकड जोराची झाली की आकुंचन पावलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो आणि रक्त पोचत नाही, त्यालाच आपण पंप म्हणतो. सोप्या पकडीत रक्त वाहतं राहतं.

ऑक्टोबर: एका दिवसाची बेरीज १५ वर न्या. नोव्हेंबरमध्ये २०–२५. डिसेंबरच्या शेवटी एकदाच ३५. त्यानंतर वाढवायचं नाही. शेवटचे दहा दिवस निम्म्याहून कमी. दर चौथा आठवडा हलका. रूट ६ए चे नकोत, त्याहून सोपे ४ आणि ५ए चेच. यावर तडजोड नको.

कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं तर लगेच थांबा. आठवड्यात दोनदा पुश-अप आणि मनगट उलट्या बाजूने उचलायचा व्यायाम हलक्या डंबेलने करा, ओढण्याच्या कामाचा तोल राखायला.

आणि सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून ईसीजी नि स्ट्रेस टेस्टबद्दल विचारून घ्या. चढाईत डाव्या हाताचं किंवा छातीचं दुखणं पंप म्हणून सोडून दिलं जातं. खाली उतरून पाच मिनिटांत हात मोकळा झाला नाही, जबड्यात किंवा छातीत जडपणा आला, तर थेट दवाखाना. दुसऱ्या दिवशी लघवी चहाच्या रंगाची झाली तर तेव्हाही वाट बघत बसू नका, थेट दवाखाना; स्नायूंची मोडतोड मूत्रपिंडावर येऊ शकते.

---

वैनगंगा७

जानेवारी पक्का. चार जण मिळतील. आणखी दोन गोष्टी: शेवटच्या १० चढाया शहराबाहेरच्या खऱ्या कातळावर केल्या तर? आणि दिवसभर खायचं काय?

---

कातळवेडा_नागपूर

कातळ त्या दिवशी नको. चाळीस चढायांनंतर गाडीत बसून जायचं, थंड झालेले हात, मावळता उजेड, आणि वर सुटे दगड. आपल्याकडच्या कड्यांवर आग्या मोहोळ असतं, धूर आणि तीव्र वासाने ते उठतं, तिथे दमलेल्या माणसाला पळता येत नाही. वनक्षेत्र असेल तर परवानगीही लागेल. कातळाला वेगळा दिवस द्या.

खाणं: तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, थोडं थोडं. केळं, खजूर, चिक्की, तीळगुळाची वडी, मऊ साबुदाणा खिचडी. तर्री-पोहे त्या सकाळी वर्ज्य. तेल-तिखटाने हार्नेसच्या पट्ट्याखाली छातीत जळजळ उठते. संत्रं चालेल, पण सोलून दुसऱ्याने भरवायचं, कारण रस फाटलेल्या बोटाला झोंबतो आणि चॉक चिकट होतो. पाणी तासाला अर्धा लिटर, त्यात दर दुसऱ्या वेळी पाकिटावर लिहिलेल्या मापातच ओआरएस.

बूट दोन जोड. दुसरा अर्धा नंबर मोठा, कारण दुपारी पाय सुजतात. प्रत्येक चढाईनंतर बूट काढायचे, त्या पाच मिनिटांसाठी चप्पल भिंतीपाशीच ठेवा.

---

दोरगाठ

मोजणी तपासनीसाने करायची, तुम्ही नाही. भिंतीशेजारी फळ्यावर चढाईचा क्रमांक, रेषा, गाठ तपासणाऱ्याची सही. सही नसेल तर दोर ताणायचा नाही.