लिनक्स म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम की नुसतं कर्नल?

जळगावचा_पोऱ्या: भो लोकहो, एक सांगा. कॉलेजात सर म्हणतात लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम नाहीच, नुसतं कर्नल (हार्डवेअर सांभाळणारा आतला गाभा) आहे, पूर्ण नाव ग्नू/लिनक्स. मग व्हायवात काय सांगू? आणि अँड्रॉइडला कुणी लिनक्स का म्हणत नाही, आत कर्नल तर तेच ना?

भुसावळ_जंक्शन: सर बरोबर आहेत. रिचर्ड स्टॉलमनने 1983 ला ग्नू ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम जाहीर केली, कंपायलर, शेल (कमांड द्यायचा प्रोग्राम), सी लायब्ररी (प्रोग्रामना लागणारा तयार कोड) हे सगळं हळूहळू तयार झालं पण कर्नल काही पूर्ण होईना, आणि 1991 ला लिनस टोरवाल्ड्सचं लिनक्स कर्नल आलं ते त्यात फिट बसलं. नुसतं वांगं म्हणजे भरीत नाही भाऊ.

धुळेकर९: पण भरताला नाव वांग्याचंच लागतं ना 😄 टोरवाल्ड्सला तर फ्रीॲक्स नाव ठेवायचं होतं, फाइल डाउनलोडला ठेवायचा एफटीपी सर्व्हर सांभाळणाऱ्या आरी लेम्केने फोल्डरला लिनक्स नाव दिलं अन् तेच चिकटलं. डेबियन (लिनक्सवरची एक तयार सिस्टीम) अजून ग्नू/लिनक्स लिहितं, बाकी कोण लिहितंय.

भुसावळ_जंक्शन: ते आहेच. अँड्रॉइडचं म्हणशील तर त्यात ग्नूची सी लायब्ररी नाही, बायोनिक आहे, ॲपचं सगळं जगच वेगळं, म्हणून वेगळी सिस्टीम धरतात. आता अल्पाइन नावाच्या सिस्टीममध्ये पण ग्नूऐवजी मसल (सी लायब्ररी) आणि बिझीबॉक्स (कमांडची साधनं) असतं तरी त्याला सगळे लिनक्सच म्हणतात, तिथं सरांचं ग्नू/लिनक्स कुठं लावणार?

जळगावचा_पोऱ्या: आता हे सरांना विचारतो 😅 व्हायवा झाल्यावर.