राजीनामा लिहून घेतला असेल, तर ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) बेरोजगारी भत्ता मिळतो का?

प्रश्न

मी एका खासगी कारखान्यात जवळपास तीन वर्षे १८,००० रुपये पगारावर काम करत होतो आणि पगारातून ईएसआयची कपात नियमितपणे होत असे. काम कमी झाल्याचे सांगून २० जूनपासून आम्हा काही जणांना कमी करण्यात आले. मात्र अनुभवपत्र हवे असेल तर राजीनामा द्या, असे सांगितल्यामुळे मी तो लिहून दिला. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेखाली तीन महिने अर्धा पगार मिळतो असे कळले. पगाराला २६ दिवसांनी भागून मी एकूण सुमारे ३१,००० रुपयांचा हिशेब केला आहे, तो बरोबर आहे का? गेल्या वर्षी एप्रिल ते सप्टेंबर या काळात मी चार महिने बिनपगारी रजेवर होतो, त्यामुळे अपात्र ठरेन का?

उत्तर १

रजेची काळजी नको. अंशदानाचा (विम्यासाठी भरल्या जाणाऱ्या वर्गणीचा) काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा सहामाही असतो. बेरोजगारीच्या लगतपूर्वीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांचे अंशदान हवे आणि दोन वर्षांतील उरलेल्या तीन सहामाह्यांपैकी कोणत्याही एकीत तेवढेच हवे. रजेची सहामाही कमी पडली तरी दुसरी एखादी पुरते.

रक्कम मात्र तुम्ही जास्त धरली आहे, आणि ही चूक बहुतेक जण करतात. मासिक पगाराला २६ ने नव्हे, तर चार सहामाह्यांच्या एकूण कमाईला ७३० ने (दोन वर्षांच्या दिवसांनी) भागून रोजची सरासरी काढतात. रजेचे चार महिने वगळता तुमची कमाई ३,६०,००० रुपये, सरासरी सुमारे ४९३ रुपये, तिचे ५० टक्के सुमारे २४७ रुपये. म्हणजे ९० दिवसांचे साधारण २२,२०० रुपये. हा लाभ आयुष्यात एकदाच मिळतो, हेही ध्यानात असू द्या.

उत्तर २

माझ्या मते खरी अडचण राजीनाम्याची आहे. स्वेच्छेने नोकरी सोडणारे, स्वेच्छानिवृत्ती घेणारे, निवृत्तीचे वय झालेले किंवा गैरवर्तनाबद्दल काढले गेलेले कर्मचारी या योजनेत बसत नाहीत. मालक मासिक अंशदान भरताना कर्मचाऱ्याच्या कामाचे दिवस शून्य असतील तर त्यापुढे कारण नोंदवतो; तिथे ‘नोकरी सोडली’ आहे की ‘कामगार कपात’, हे आधी पाहा. कपातीचा उल्लेख असलेला एखादा ईमेल, सूचना किंवा संदेश तुमच्याकडे आहे का?

प्रश्नकर्ता

पदे कमी करत असल्याचा मनुष्यबळ विभागाचा ईमेल आहे, आणि त्यातच राजीनामा मागितला आहे.

उत्तर २

मग तो जपून ठेवा, कारण राजीनामा मागून घेतला गेला हे दाखवणारा दुसरा कागद बहुधा तुमच्याकडे नसेल. त्याची प्रत जोडून कंपनीला नोंद दुरुस्त करण्याची लेखी विनंती करा आणि पोच घ्या. कंपनीने नकार दिला तरी त्या अर्जाची प्रत दाव्यासोबत लावा. तेवढ्याने दावा मंजूर होईलच असे मी म्हणणार नाही, पण नुसता राजीनामा समोर असण्यापेक्षा तुमची बाजू बरीच भक्कम होईल.

उत्तर ३

प्रक्रियेबद्दल थोडे. नोकरी गेल्यापासून ३० दिवसांनी दावा करता येतो. पूर्वी ९० दिवस थांबावे लागे. २०२० पासून तो मालकामार्फत पाठवावा लागत नाही, आणि तुमच्या बाबतीत हे बरेच झाले. विमा क्रमांकाने ईएसआयच्या संकेतस्थळावर दावा भरून त्याची स्वाक्षरी केलेली प्रत, आधार आणि बँक खात्याच्या तपशिलासह शाखा कार्यालयात द्यावी. पुढील दिवसांसाठी आगाऊ दावा चालत नाही आणि मध्येच दुसरी नोकरी लागल्यास भत्ता थांबतो. योजना १ जुलै २०१८ रोजी प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि मुदतवाढीवर चालत आली आहे, म्हणून सध्याची मुदत शाखेत विचारून घ्यावी. कायद्यानुसार रीतसर कामगार कपात किंवा कारखाना बंदी झाली असेल, तर ईएसआयच्याच राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेची (ही दुसरी बेरोजगारी भत्ता योजना) चौकशीही करा. तिचा लाभ २४ महिन्यांपर्यंत मिळू शकतो.