सेफ्टी आणि सिक्युरिटी, मराठीत दोन्ही सुरक्षाच, मग फरक लक्षात कसा ठेवायचा?

महापेकर
नमस्कार मंडळी. महाप्याला एमआयडीसीत एका कंपनीत ॲडमिनला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम, इंग्लिश वाचता येतं पण लिहायला बसलं की अडतं. मागच्या आठवड्यात मेल टाकला की गुरुवारी सिक्युरिटी ट्रेनिंग आहे, सगळ्यांनी हॉलमध्ये यावं. मला म्हणायचं होतं हेल्मेट, सेफ्टी शूज, आग विझवायचा सिलिंडर कसा चालवायचा वगैरे. गुरुवारी बघतो तर गेटवरचे सात वॉचमन इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये येऊन बसलेले आणि मशीनवरचं कोणीच नाही, कारण त्यांना वाटलं हे गेटवाल्यांचं काहीतरी आहे. शिकवायला ठाण्याहून माणूस आला होता त्याचा अर्धा दिवस गेला, आणि दोन वॉचमन तर नाइट करून घरी न जाता थांबले होते, त्याचं मला फार वाईट वाटलं. डिक्शनरीत दोन्हीला सुरक्षाच दिलंय. सोपं करून सांगा कोणीतरी, परत असं व्हायला नको.

नौपाड्याच्या बाई
तुमची चूक झाली ती मराठीमुळे, इंग्रजी कच्चं म्हणून नाही, हे आधी लक्षात घ्या. मी एकतीस वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं. जिथे आपल्याकडे एक शब्द आणि त्यांच्याकडे दोन, तिथे हुशार मुलंसुद्धा अडायची. तेव्हा मराठीतच दोन शब्द शोधायचे. इथे ते आहेत, अपघात आणि घातपात. अपघातापासून वाचवते ती सेफ्टी, घातपातापासून वाचवते ती सिक्युरिटी. पाय घसरला, शॉक लागला, डोक्यावर काही पडलं, यात कोणाच्या मनात वाईट नसतं. चोरी, घुसखोरी, पासवर्ड पळवणं यात समोर माणूस असतो आणि त्याच्या मनात काहीतरी असतं. म्हणून हेल्मेट सेफ्टीचं, गेटपास आणि सीसीटीव्ही सिक्युरिटीचे. साडीची पिन बघा, टोक झाकलेलं असतं, टोचू नये म्हणून, म्हणून ती सेफ्टी पिन. १८४९ मध्ये अमेरिकेत तिचं पेटंट निघालं.

घणसोली_से७
बाई तुमचं पटलं पण एक ठिकाणी गाडी अडते. माझं रेशनच्या कामाशी जवळून नातं आहे म्हणून विचारते. २०१३ चा कायदा राष्ट्रीय अन्न सुरक्षा, इंग्लिशमध्ये फूड सिक्युरिटी. आणि २००६ चा कायदा अन्न सुरक्षा आणि मानके, तो मात्र फूड सेफ्टी. मराठीत दोन्ही अन्न सुरक्षाच! आता रेशनच्या तांदळात घातपात कुठे आला?

नौपाड्याच्या बाई
फार चांगला प्रश्न, घातपात इथे चालणारच नाही, माझा नियम अर्धाच होता. सिक्युरिटीचं मूळ लॅटिनमध्ये आहे, सिक्युरस, म्हणजे ज्याला काळजी नाही असा. आपला निर्धास्त. उद्या घरात धान्य असेल की नाही याची धास्ती नाही ती फूड सिक्युरिटी. ताटात आलेलं खाऊन पोट बिघडणार नाही ती फूड सेफ्टी. जॉब सिक्युरिटी घ्या, सोशल सिक्युरिटी घ्या, घरमालकाला देतो ते सिक्युरिटी डिपॉझिट घ्या, सगळीकडे निर्धास्त बसतं. गेटवर वॉचमन असला की आपण निर्धास्त झोपतो, म्हणजे तेही त्यातच आलं. महापेकर, तुम्ही हाच शब्द धरा, अपघात-घातपात कारखान्यापुरतं ठेवा.

ऐरोलीची मी
बाई मी पण भर घालू का, विषय थोडा बाजूला जाईल. माझ्याकडून असंच शंका या शब्दामुळे झालं होतं. अमेरिकेतल्या क्लायंटला लिहिलं की तुमच्या हिशोबावर मला एक डाउट आहे, मला फक्त विचारायचं होतं की हा आकडा कुठून घेतलात. त्यांच्याकडून एकदम थंड रिप्लाय आला आणि मॅनेजरला फोन गेला. क्लासमध्ये आपण शंका विचारतो तसं डाउट विचारतो, पण त्यांना डाउट म्हणजे विश्वास नाही असंच वाटतं. तेव्हापासून मी क्वेश्चन लिहिते. त्या दिवशी डबासुद्धा उघडला नव्हता मी.

महापेकर
बाई, ताई, मनापासून आभार. नवीन मेल गेला, सेफ्टी ट्रेनिंग, आणि खाली मराठीत लिहिलं की अपघात होऊ नये म्हणून, मशीनवरच्या सगळ्यांनी यायचं. वॉचमन लोकांना पण बोलावलंय कारण आग लागली तर पहिले तेच धावणार. पण आता घरी जाऊन दाराकडे बघत बसलो. आपण त्या जाळीच्या दाराला सेफ्टी डोअर म्हणतो, ते तर चोरासाठी आहे ना?

नौपाड्याच्या बाई
बरोबर पकडलंत, ते खरं सिक्युरिटी डोअर. आपल्याकडे सुताराकडे गेलात तर सेफ्टी डोअरच म्हणा, नाहीतर त्याला कळणार नाही. पण फरक मनात ठेवा, कारण दोघांचं कधीकधी पटत नाही. सिक्युरिटीला दार बंद हवं, सेफ्टीला तेच आतून पटकन उघडणारं हवं. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी खिडक्यांना पक्क्या ग्रिल ठोकल्यात, मूल पडू नये म्हणून आणि चोर येऊ नये म्हणून, दोन्ही कामं एकाच लोखंडात. पण आग लागली तर त्यातून बाहेर कोण निघणार? मी हट्टाने ग्रिलची एक झडप उघडणारी करून घेतली, आतून कडी आहे, किल्ली लागत नाही. तुमच्या कंपनीच्या मागच्या दाराला कुलूप असतं का ते उद्या बघा.

महापेकर
असतं बाई. किल्ली गेटवर असते. उद्या सकाळी पहिलं तेच काम.