पाया ढासळलेल्या घरांसाठी बाकीच्यांनी वर्षाला १२ डॉलर का भरायचे?

मुक्ता (साउथ विंडसर, कनेक्टिकट):
इकडे हार्टफर्डच्या पूर्वेला, टॉलंड-व्हर्ननपर्यंत, १९८३नंतर बांधलेल्या हजारो घरांना हा धोका आहे. त्यांच्या पायाच्या काँक्रीटमध्ये विलिंग्टनच्या खाणीतली खडी गेली आणि त्या खडीत पायरोटाइट हे लोहाचं खनिज होतं. हवा-पाणी लागलं की ते फुगतं आणि पंधरा-वीस वर्षांनी भिंती तडकू लागतात. शेजारच्या काकूंच्या बेसमेंटमध्ये तड्यात बोट घातलं तर काँक्रीटचा भुगा हातात येतो. घर जॅकवर उचलून अख्खा पाया नव्याने ओतायचा, एवढाच उपाय. खर्च दीड-दोन लाख डॉलर. २०१९पासून राज्याने उभारलेली कंपनी मदत देते. पैसा कर्जरोख्यांतून आणि प्रत्येक घरविम्यावरच्या १२ डॉलर अधिभारातून येतो. मला हे रास्त वाटतं.

स्टॅमफर्डकर:
मला नाही. घर घेताना तपासून घेणं ज्याचं त्याचं काम. खाणवाल्याकडून वसूल करा. आम्ही किनाऱ्यावर राहतो, पुराचा विमा स्वतःच्या खिशातून भरतो.

मुक्ता:
अहो, तपासणार काय? पायरोटाइट डोळ्यांना दिसत नाही. काँक्रीटचा नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, आणि नव्वदच्या दशकात हे कुणाच्या गावीही नव्हतं. कोर्टात गेलं तर वीस-तीस वर्षांपूर्वीच्या कामाचा दावा मुदतीत बसत नाही. विमा कंपन्या म्हणतात, घर अजून ‘कोसळलेलं’ नाही. २०१९मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही भरपाईसाठी घर पडण्याच्या बेतात हवं, असाच अर्थ लावला. म्हणजे माणसं आत असताना भिंत पडायची वाट बघायची? आणि तुमच्या पूरविम्याचं म्हणाल, तर त्या सरकारी योजनेचं १६ अब्ज डॉलरचं कर्ज अमेरिकेच्या संसदेने (काँग्रेसने) २०१७मध्ये माफ केलं. ते आम्हीही भरलंच की.

डब्लिनकर:
मदत हवीच, पण भार योग्य ठिकाणी टाका. इथे आयर्लंडमध्ये डोनेगल-मेयो या भागांत सदोष काँक्रीट ब्लॉकांमुळे घरं फुटली, तेव्हा सप्टेंबर २०२३पासून काँक्रीटवरच ५ टक्के आकार लावला.

स्टॅमफर्डकर:
तो आकार शेवटी नवं घर घेणाऱ्याच्याच माथी! पूरविम्याचा मुद्दा मान्य. पण १२ डॉलरला मर्यादा कुठे? उद्या दुसऱ्या गावात दुसरी खाण निघेल.

मुक्ता:
मर्यादा आहे. सुरुवातीला घरामागे कमाल १,७५,००० डॉलर ठरले, वरचा खर्च मालकाचा. काकूंना पाया मिळेल. उखडलेला ड्राइव्हवे आणि पायऱ्या त्या स्वतःच्या पैशांनी करणार आहेत.