दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलवायचंय: आधी घर की आधी सामान?

नवा_पत्ता

नमस्कार मंडळी. नोकरीतल्या बदलीमुळे सहा आठवड्यांत दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलवायचं आहे. रस्त्याने अंतर सुमारे १,२०० किलोमीटर. सामान दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचं: दोन पलंग, सोफा, कपाट, फ्रिज, समोरून उघडणारं वॉशिंग मशीन आणि तीनशेच्या आसपास पुस्तकं. तिथे ओळखीचं कुणी नाही, आणि घर बघायला फार तर दोन दिवस जाता येईल.

घर व्हिडिओवर बघून इथूनच पक्कं करावं, की आधी नुसत्या बॅगा घेऊन जावं, महिनाभर तात्पुरतं कुठे राहावं आणि मग सामान मागवावं? दुसरं म्हणजे, सामान नेणाऱ्या तिघांचे आकडे एकमेकांशी जुळतच नाहीत. एक वजनावर बोलतो, दुसरा आकारमानावर, तिसरा अख्ख्या गाडीवर. यांची तुलना करायची कशी? आणि इतक्या लांब फ्रिज, मशीन नेण्यात अर्थ आहे का?

---

उंबरठा

घराचं आधी बोलतो. ते दोन दिवस घर शोधण्यात घालवू नका, निवडण्यासाठी ठेवा. जाण्यापूर्वी दोन आठवडे जाहिराती चाळून आणि व्हिडिओ कॉल करून यादी पाच-सहा घरांवर आणा, आणि तिथे गेल्यावर तेवढीच बघा.

कॉल थेट हवा, आधी काढून ठेवलेला व्हिडिओ नको. सुरुवात इमारतीच्या फाटकापासून करायला सांगा: फाटक, जिना किंवा लिफ्ट, दार, मग आत, मध्ये कॉल न तोडता. जो मध्येच कॉल तोडून थेट खोलीतून बोलायला लागतो, तो तुम्हाला जाहिरातीतल्याच इमारतीतली खोली दाखवतोय की दुसरीच, हे कळायला मार्ग उरत नाही.

आत गेल्यावर एक लिटरची बाटली नळाखाली धरायला सांगा. १० सेकंदांत भरली तर मिनिटाला ६ लिटर, म्हणजे बरी धार. २० सेकंदांच्या वर गेली तर शॉवरखाली उभं राहून अंघोळ होणार नाही. मग नळ चालूच ठेवून फ्लश सोडायला लावा आणि धार किती पडते ते बघा. त्यानंतर कोपरे. खोलीचा मधला भाग सगळेच दाखवतात. बघायचं असतं ते बाथरूमला लागून असलेल्या भिंतीचा तळ, खिडकीखालची पट्टी, छताचे कोपरे आणि सिंकखालच्या कपाटाची फळी. पिवळट कडा असलेला डाग, फुगून पोपडे धरलेला रंग किंवा फुगलेली फळी दिसली की ओल आहे. चारांपैकी एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर तो का दिला, हे तिथल्या तिथे विचारा.

प्रत्यक्ष गेल्यावर फक्त तिथेच कळणाऱ्या गोष्टी तपासा. प्रत्येक खोलीचं दार लावून फोन लावून बघा. घर आवडलं तर रात्री नऊनंतर पुन्हा एक चक्कर मारा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या वेळेला तिथूनच निघून ऑफिस गाठा. दुपारी अर्ध्या तासाचा वाटणारा रस्ता सकाळी दीड तास घेऊ शकतो, आणि हा फरक भाडं वाचवून भरून निघत नाही.

पैशाच्या बाबतीत एकच ठाम सांगतो. "मालक परदेशात आहे, पैसे टाका, किल्ली कुरिअरने येईल" असं कुणी म्हणालं की तिथेच विषय संपवा. जाहिरातीतले फोटो इंटरनेटच्या फोटो-शोधात टाकून तेच आणखी कुठे आहेत ते बघा; तोच दिवाणखाना तीन शहरांच्या जाहिरातींत सापडतो. मालकीचा कागद, मालकाचं ओळखपत्र आणि ज्या खात्यात पैसे जाणार ते खातं, या तिन्हींवर नाव एकच हवं. बऱ्याचदा समोरचा माणूस स्वतःच भाडेकरू असतो आणि पोटभाडेकरू ठेवायची परवानगी त्याला नसते. मूळ मालकाने हरकत घेतली की त्याच्याबरोबर तुम्हीही बाहेर.

करारात लोक भाडं आणि मुदत वाचतात आणि बाकी सोडून देतात. वाचायचं असतं ते पुढचं: डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, त्यातून काय काय कापता येईल (रंगाचा खर्च नेमका किती वापरानंतर), मोठी दुरुस्ती कुणाकडे, आणि मुदतीआधी सोडलं तर काय. तुमची नोकरी नवीन ठिकाणी आहे, म्हणून लॉक-इनचा काळ (ज्यात घर सोडता येत नाही तो) कमीत कमी ठेवण्यासाठी घासाघीस करा. भाड्यात थोडं जास्त गेलं तरी चालेल.

---

मालवाट

आकड्यांचं कोडं असं सोडवा. प्रत्येक मोठ्या वस्तूची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा आणि १० लाखांनी भागा. उत्तर घनमीटरमध्ये येतं. १२० × ५५ × २०० चं कपाट म्हणजे १.३२ घनमीटर, ६० × ६५ × १६० चा फ्रिज ०.६२. बेरजेत रचताना पडणाऱ्या फटींसाठी २० टक्के मिळवा. मिश्र घरसामानाचं वजन ढोबळमानाने घनमीटरला ११० किलोच्या आसपास धरतात, म्हणून वजनाचा दर आणि आकारमानाचा दर या आकड्याने एकमेकांत बदलून बघता येतात.

पण तुमच्याकडे पुस्तकं आहेत, आणि गोम तिथेच आहे. तीनशे पुस्तकं सरासरी ४०० ग्रॅमची धरली तर १२० किलो, आणि जागा मात्र ०.३ घनमीटर. याउलट १९० × १५० × २० ची गादी ०.५७ घनमीटर अडवते आणि भरते जेमतेम २५-३० किलो. वजनावर भाव घेतलात तर पुस्तकं महाग पडतात, आकारमानावर घेतलात तर गादी आणि सोफा. म्हणून आधी स्वतःची यादी करा, तीच तिघांना द्या आणि घरी येऊन सामान बघितल्याशिवाय दिलेला आकडा धरूच नका. फोनवरचा आकडा ट्रक भरल्यावर वाढतो, आणि तेव्हा तुमच्या हातात काही राहिलेलं नसतं.

लेखी आकड्यात हे आलंय का बघा: दोन्हीकडचे मजले, लिफ्ट नसेल तर जिन्याची हमाली, गाडी दारापर्यंत गेली नाही तर चालत न्यायचं अंतर, पलंग-कपाट खोलणं आणि पुन्हा जोडणं, वाटेतले टोल, आणि घर तयार नसेल तर गाडी थांबवण्याचा दिवसाचा आकार. भांडणं होतात ती याच गोष्टींवर.

अख्खी गाडी आणि पार्ट लोड यांतला फरक नुसता पैशाचा नाही. पार्ट लोडमध्ये तुमचं सामान दुसऱ्यांच्या सामानाबरोबर जातं, वाटेत गोदामात उतरतं, पुन्हा चढतं. काच फुटते ती रस्त्यावरच्या धक्क्यांनी कमी आणि या उतरवण्या-चढवण्यात जास्त. शिवाय इतर मालासाठी गाडी थांबते, त्यामुळे पोहोचण्याची तारीख सरकते. १,२०० किलोमीटरसाठी आणि तुमच्याइतक्या सामानाला पूर्ण गाडी, बंद बॉडीची, हाच सल्ला देईन. उघड्या हौद्यावर ताडपत्री टाकली तरी बाजूने पाणी घुसतं.

विमा वेगळा काढा आणि तो कशावर आहे ते वाचा. वाहतूकदाराची जबाबदारी आणि मालाचा विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यांतली मोडतोड पुष्कळ पॉलिसींमध्ये धरत नाहीत, आणि बाहेरून काही न होता यंत्र बंद पडलं तर तेही नाही. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी टीव्ही, फ्रिज, मशीन चालू असतानाचे तारखेसह व्हिडिओ काढा. प्रत्येक खोक्यावर "१७/६४" (चौसष्टांपैकी सतरावं) असा क्रमांक एका नव्हे, दोन बाजूंना. उतरवताना एकाने दारात उभं राहून यादीवरचे फक्त क्रमांक खोडायचे, दुसरं काही करायचं नाही. तुटलेलं किंवा कमी आलेलं असेल तर पावतीवर तिथेच लिहा आणि मगच सही करा. कोऱ्या पावतीवर सही झाली की दावा लंगडा पडतो.

---

मोजपट्टी

उंबरठा यांच्या यादीत एक भर. घर बघायला जाताना टेप घेऊन जा, आणि निघण्याआधी स्वतःच्या सोफ्याची मापं फोनमध्ये लिहून ठेवा. दाराचं माप चौकटीचं घ्यायचं नाही. दार ९० अंशांत उघडल्यावर त्याची जाडी आणि बिजागरी आत येते, ती वगळून जी मोकळी जागा उरते ती खरी. जिन्याच्या वळणावरच्या चौकाची रुंदी आणि लिफ्टची आतली उंची घ्या. सोफा आडवा जात नसला तरी उभा करून, तिरका वळवून पुष्कळदा जातो. कपाट मात्र वळत नाही. आणि बांधून घेतलेल्या भुशाच्या पाट्यांच्या कपाटाबद्दल स्पष्ट सांगते: ते विकून टाका. एकदा खोललं की स्क्रूची भोकं सैल होतात, आणि पुन्हा जोडलेलं कपाट कधीच ताठ उभं राहत नाही. लाकडी किंवा लोखंडी असेल तर न्या.

पुस्तकांना ४० × ३० × ३० सेंटिमीटरची खोकी घ्या. तुमच्या पुस्तकांना आठ पुरतील आणि प्रत्येक १५ किलोच्या आसपास भरेल. मोठ्या खोक्यात पुस्तकं भरली की तळ सुटतो, हमाल ते घसटत नेतो आणि मग उरलेलंही फाटतं. खोक्याच्या तळाला मधल्या सांध्यावर टेपच्या तीन पट्ट्या उभ्या आणि दोन आडव्या.

ताटल्या आडव्या थरांत रचू नका, कडेवर उभ्या ठेवा, कॅसेटच्या रांगेसारख्या. आडव्या रचल्या तर वरच्या सगळ्यांचा भार प्रत्येक धक्क्याला सर्वांत खालच्या ताटलीच्या मध्यावर येतो. उभी ताटली तोच धक्का कडेवर घेते. तळाशी आणि वर पाच सेंटिमीटर चुरगळलेला कागद. भरून झाल्यावर खोकं हलवा. आतून आवाज आला तर ते अजून भरलेलं नाही.

टीव्ही सदैव उभा. पाठीवर झोपवला तर पडदा स्वतःच्याच वजनाने लवतो आणि धक्क्याने तडा जातो.

फ्रिज न्यायचा असेल तर २४ तास आधी बंद करून बर्फ उतरवा, मागच्या तबकातलं पाणी काढा, आतून कोरडा पुसा. प्रवास उभ्यानेच. आडवा झाला तर कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत जातं. उभा आला असेल तर पोहोचल्यावर तीन-चार तास थांबून चालू करा. आडवा आला असेल तर पूर्ण दिवस उभा राहू द्या.

वॉशिंग मशीन बोल्टांशिवाय गाडीत चढवू नका. समोरून उघडणाऱ्या मशीनचं ड्रम स्प्रिंगांवर लटकलेलं असतं. नवं येताना मागे तीन किंवा चार लांब बोल्ट असतात, ते ड्रमला बॉडीशी घट्ट धरतात. ते पुन्हा लावल्याशिवाय १,२०० किलोमीटर गेलं तर ड्रम आतल्या आत आपटून डॅम्पर (धक्के शोषणारे दांडे), कधी बेअरिंगही जातं, आणि वरून ओरखडासुद्धा दिसत नाही. खालच्या फिल्टरमधून पाणी काढायला विसरू नका.

गॅसचा सिलिंडर, रंग, थिनर, फवारे, काडेपेट्या आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या गाडीत भरायच्या नाहीत. मूळ कागदपत्रं, दागिने, हार्ड डिस्क आणि महिन्याची औषधं तुमच्या हातातल्या बॅगेत.

---

गिरकी

आधी बॅगा घेऊन जावं की नाही, याबाबत माझं मत उंबरठा यांच्याहून थोडं वेगळं आहे. दोन दिवसांत मनासारखं घर मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर घाईत वर्षाचा करार करू नका. तीन आठवडे फर्निचरसकट मिळणारी खोली घेऊन राहा. फक्त या काळात तुमचं सामान निघण्याच्या गावीच ठेवा, पोहोचण्याच्या गावी नको. तिकडच्या गोदामात उतरवलंत तर ते दोनदा चढेल-उतरेल, आणि तुमचा मजला, रस्ता, लिफ्ट ठरण्याआधीच तुम्ही एका वाहतूकदाराला बांधले जाल. इकडे असेल तर पत्ता हातात आल्यावर त्या रस्त्याला शोभेल अशी गाडी ठरवता येते.

नव्या इमारतीला तीन गोष्टी आधीच विचारा: सामान चढवायच्या वेळा, लिफ्ट राखून ठेवावी लागते का, आणि मोठी गाडी आत येते का. पुष्कळ शहरांत दिवसा अवजड गाड्यांना बंदी असते. गाडी बाहेर थांबली तर लहान टेम्पोत माल हलवावा लागतो, आणि तो खर्च कुणाचा हे आधी लिहून घ्या. स्वतःची चारचाकी नेणार असाल तर दुसऱ्या राज्यात नोंदणी बदलायची मुदत किती आहे ते तिथल्या परिवहन खात्याकडून आत्ताच काढा.

---

नवा_पत्ता

सगळ्यांचे आभार. कपाट विकतो, गाडी पूर्ण घेतो. दोन अडचणी उरल्या. मशीनचे बोल्ट कधीच हरवले आहेत. आणि एक घर आवडलं आहे, पण मालक १ तारखेला किल्ली देणार आणि इथलं घर ३१ तारखेलाच सोडायचं आहे.

---

मोजपट्टी

बोल्ट मॉडेलप्रमाणे बदलतात. मशीनच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक सांगून सुट्या भागांच्या दुकानातून मागवा, आणि आजच, कारण यायला वेळ लागतो. दुसऱ्या मॉडेलचे बसवायचा प्रयत्न नको. लांबी चुकली तर ड्रम धरलाच जात नाही. मिळालेच नाहीत तर मशीन इथेच विका.

---

मालवाट

तारखा जुळताहेत असं वाटतं, पण तशा नका ठेवू. गाडी ३१ ला भरली तर दोन-तीन दिवसांत पोहोचेल, तोवर किल्ली मिळालेली असेल, हे गणित मालक एक दिवस उशिरा आला तरी कोसळतं. इथल्या मालकाकडून चार-पाच दिवसांचं भाडं देऊन मुदत वाढवून घ्या. किल्ली १ ला हातात घ्या, रिकाम्या घराचे सगळे कोपरे, मीटरचे आकडे आणि आधीचे ओरखडे फोटोत टिपून त्याच दिवशी मालकाला पाठवा, आणि गाडी २ किंवा ३ ला भरा. मुदत वाढत नसेल तर गाडी थांबवण्याचा दिवसाचा आकार लेखी ठरवूनच ३१ ला निघा, आणि गाडीचा क्रमांक व चालकाचा फोन भरायच्या आधी घ्या, नंतर नव्हे.